बोटीच्या नाकावर सडा

माझी धाकटी बहीण आणि मी, आम्ही एका गोष्टीवरून साठ वर्षं भांडत होतो. ती चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की बोट समुद्रात खूप आत गेली की चारही बाजूंना जमीन दिसेनाशी होते. ती धावत घरी आली आणि मला सांगायला लागली. मी म्हटलं, खोटं आहे, जमीन जाईल कुठे? माझीही शाळा चौथीपर्यंतच झाली होती. मी तेव्हा बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बाबांच्या शिलाईच्या दुकानात काजं करायला बसत होते, आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नव्हता.

पुढे तिचं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवऱ्याने तिला परत पाठवलं. ती राजाजीनगरला माझ्या घरी आली ती आलीच. माझ्या घरातला स्वयंपाक तिने पन्नास वर्षं केला. मध्येच कधी भाकरी थापताना म्हणायची, “बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.” मी म्हणायची, “बाईंनी तरी कुठे समुद्र पाहिला होता?” एवढ्यावर विषय संपायचा.

मागच्या थंडीत डॉक्टरांनी तिच्या छातीचं ऑपरेशन ठरवलं. हृदयाची झडप बदलायची होती. माझ्या मुलाने तिला विचारलं, मावशी, त्याआधी काही हवंय का. त्याला वाटलं ती तिरुपती म्हणेल. ती म्हणाली, जमीन दिसत नाही तिथपर्यंत बोटीतून जायचंय. तिचं ऑपरेशन झालं, ती आज ठणठणीत आहे आणि मी हे लिहिते आहे तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसली आहे. तेव्हा वाचणाऱ्याने उगाच गळा काढू नये. पण त्या आठवड्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी आठ दिवसांची मोकळीक दिली होती. त्यानंतर समुद्र तिला कधी दिसेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

मुलाने शोधून काढलेली बोट लाकडी होती. आधी मासेमारीची, आता किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस माणसं फिरवणारी. मुलाला रजा मिळाली नाही, आम्ही दोघी धरून बाराजण होतो. बोट चालवणारा तांडेल तिचा मालकही होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. तिसऱ्या दिवशी तो बोट थेट आत नेणार होता, जमीन दिसेनाशी होईपर्यंत. माझ्या बहिणीने हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या पोटातला पंप थांबेना. एरवी तो जरा वेळ पाणी उपसून गप्प बसायचा. अण्णा खाली उतरला, वर आला आणि त्याने बोट एका खाडीकडे वळवली. त्याचं गाव त्याच खाडीत होतं. भरतीच्या पाण्याबरोबर त्याने बोट नाकाने वाळूवर घातली. गावातल्या माणसांनी ओंडके टाकून, दोर लावून ती अजून वर ओढली. नाकाकडच्या, बुडाजवळच्या दोन फळ्यांच्या मधली फट उघडली होती. दोन फळ्यांमधे कापूस ठोकून बसवलेला असतो आणि वर राळेचा लेप. तो कापूस कुजला होता.

अण्णाने सगळ्यांना वाळूवर उभं करून सांगितलं की फट साफ करायची, उन्हात कडकडीत वाळवायची, नवा कापूस भरायचा. तीन दिवस लागतील. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात मोठी भरती येते, त्या पाण्यावर बोट उतरली तर उतरली. ते पाणी चुकलं तर अमावास्येपर्यंत बोट वाळूत. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी बस आहे.

आठजण बसने गेले. आम्ही दोघी राहिलो आणि एक जोडपं राहिलं. ती दोघं मूळची पुण्याची, आता बेंगळुरूतच महादेवपुऱ्यात एकाच कंपनीत कामाला. कशाला राहिलात विचारलं तर ती मुलगी म्हणाली, “काकू, रजा टाकलीच आहे, घरी जाऊन काय करू, कपडे धुऊ?” मला ती तिथेच पटली.

ते दिवस मला अजून नीट धरता येत नाहीत. आम्ही अण्णाच्या घराच्या पडवीत झोपायचो. समोर अंगण, अंगणापुढे वाळू आणि वाळूवर ती बोट, कुणीतरी सण उरकल्यावर पालथी घालायची विसरलेल्या परातीसारखी. पाणी दिवसातून दोनदा तिच्या शेपटीपर्यंत यायचं आणि परत जायचं. जाताना आवाज नाही, येताना नाही. जेवून डोळा लागायचा आणि उघडला की समोरची खाडी निम्मी झालेली असायची. मधली वाळू ओली, चकचकीत, आणि तिच्यावर बगळे. मला वाटायचं मीच किती तरी वेळ झोपले, पण चुलीवरचा भात अजून गरम असायचा. राजाजीनगरात मी आयुष्यात दुपारी झोपले नाही. तिथे झोपेला कुणी विचारत नव्हतं, ती यायची आणि बसायची.

या सगळ्यात एकच आवाज सारखा असायचा, बोट दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या लाकडी हातोड्याचा. मेस्त्री माझ्याच वयाचा, काळा, काटकुळा, कन्नड बोलणारा माणूस. आकड्यासारख्या लोखंडाने तो फटीतला कुजका कापूस ओढून काढायचा आणि मग फळीवर ठोके मारून कान लावायचा. टक, टक, मग थांबायचा. पलीकडच्या काठावरून तेच ठोके परत यायचे, जरा उशिरा, जसा कुणी पलीकडे बसून त्याची नक्कल करतोय. पहिल्या दिवशी मी विचारलं की किती वेळ लागेल. तो म्हणाला, लाकूड सांगेल तेव्हा. मी म्हटलं, आमच्याकडे डॉक्टरही असंच बोलतात. तो हसला नाही, पण चहाला मात्र रोज आमच्याकडेच यायला लागला.

संध्याकाळी गावातल्या बायका आम्हाला बघायला यायच्या. बेंगळुरूच्या म्हटल्यावर त्यांना काहीतरी वेगळं अपेक्षित असावं. आमच्या नऊवारीसुद्धा नाहीत की पँटी नाहीत, साध्या सहावारी साड्या बघून त्या जरा हिरमुसल्या. माझ्या बहिणीच्या हातातलं काम मात्र त्यांना आवडलं. तिने ऑपरेशन ठरल्या दिवसापासून लाखवात धरली होती, म्हणजे देवापुढे लावायला एक लाख वाती. कापसाची पिशवी कायम मांडीवर. बोलता बोलता बोटांतून वात निघत राहायची. त्या बायका मांडी घालून बसायच्या, थोड्या वेळाने कुणीतरी हात पुढे करायची आणि तीही वळायला लागायची. पुण्याच्या मुलीलाही तिने शिकवलं. तिच्या वाती सुरवंटासारख्या व्हायच्या. आम्ही मधेच “स्वल्प सैल सोड” वगैरे म्हणायचो आणि ती हसायची. एकदा म्हणाली, तुमचं मराठी किती गोड आहे, मधे मधे कन्नड येतं. मी म्हटलं, आमची माणसं तुमच्या पुण्याकडून निघून तीनशे वर्षं झाली, वाटेत कन्नड भेटलं, त्याला टाकून कसं यायचं? तिचा नवरा त्यावर इतका हसला की त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप वाळूत पडला.

बहीण दिवसातून चारदा बोटीजवळ जायची. पोटाला हात लावायची आणि मेस्त्रीला विचारायची, वाळलं का? तो सांगायचा, अजून नाही अम्मा. ती सरी, म्हणजे बरं, म्हणायची आणि परत येऊन वाती वळायची. रात्री पडवीत मला तिचा श्वास ऐकू यायचा, चार जिने चढल्यासारखा.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. शुक्रवार होता. अण्णाची बायको रोज अंगणात सडा टाकून रांगोळी काढायची, पण ती अजून उठली नव्हती. मी विहिरीवरून बादली भरून आणली आणि अंगणात पाणी मारलं. परक्या घरी राहायचं तर एवढं तरी करावं. बादलीत निम्मं पाणी उरलं. धुकं होतं, बोट त्यातून अर्धीच दिसत होती, आणि तिच्या नाकाखाली दोन दिवसांचा कचरा, लाकडाचे कीस, जुना कापूस. उद्या बोट पाण्यात जाणार आणि दार असं घाण. होय, मला ते दारच वाटलं. पन्नास वर्षं उठल्याबरोबर दारात पाणी टाकणाऱ्या बाईचे हात विचारत नाहीत. मी पाणी टाकलं, अजून एक बादली आणली, नाक वरपासून खालपर्यंत धुतलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि खाली वाळूवर चार ठिपक्यांची रांगोळी काढली. मला फार बरं वाटलं. खाडीत पाणी चढत होतं आणि आकाश आणि ते एकाच रंगाचं होतं. तेवढं बरं मला त्यानंतर बराच वेळ वाटलं नाही.

मेस्त्री आला, थांबला आणि बघत राहिला. दोन दिवस उन्हात वाळवलेली फट ओठ ओले असावेत तशी दिसत होती. भरायला वळून ठेवलेल्या कापसाच्या दोऱ्या त्याने नाकावरच्या खुंटीला टांगल्या होत्या, त्याही ठिबकत होत्या. त्याने नुकत्याच बाहेर आलेल्या अण्णाच्या बायकोकडे पाहिलं. रोजचा सडा तिचा.

मी म्हटलं, “तिने नाही. मी.”

मेस्त्री खाली बसला आणि विडी काढली. म्हणाला, “अज्जी, दोन दिवस मी पाण्याला सांगत होतो, नाकाला शिवू नको. समुद्राने ऐकलं.”

अण्णा चिडला, पण ओरडला नाही. कापूस पुन्हा उन्हात टाकता येईल ना, असं मी विचारलं. मेस्त्रीने सांगितलं की एकदा भिजून वाळलेला कापूस दबून बसतो, पुढे पाण्यात फुगत नाही, आणि फुगला नाही तर फट धरत नाही. गावातल्या दुकानात औषधाचा कापूस होता. तो बोटाने चुरगळून त्याने परत दिला. तालुक्याला जाऊन यायचं तर दिवस जाईल. आणि फट वाळवायला अजून दिवस. भरती दुसऱ्या दिवशी दुपारी.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. मग पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. “अक्का,” ती म्हणाली, “तुला जमीन दिसायलाच हवी आहे ना?”

साठ वर्षांत ती मला लागेल असं एकच वाक्य बोलली असेल तर ते हे. चूक माझी होती, आणि चुकीपुढे बोलण्याने चूक लहान होत नाही.

ती उठली, कापसाची पिशवी घेतली आणि मेस्त्रीपुढे नेऊन ठेवली. गावाकडून मागवलेला, घरीच सरकी काढून पिंजलेला कापूस होता तो. मेस्त्रीने चिमूट काढून ओढून पाहिली, ओठांवरून फिरवली. ओठाला ओल लगेच कळते म्हणे. मग विचारलं, हा तर देवाचा ना, अम्मा?

“देवाला उजेड कमी पडला तर पडू दे,” ती म्हणाली. “दोरी किती जाड हवी ते सांग.”

तिने वळायला सुरुवात केली आणि सवयीने बोट दुधात बुडवलं. आम्ही वाती वळताना बोटाला दूध लावतो, वात बसते. मेस्त्रीने वाटी उचलून मांजरीपुढे ठेवली आणि चुलीतली राख आणून दिली. राखेवर दोरी कोरडी राहते. करंगळीएवढ्या जाड, वाव वाव लांब, म्हणजे दोन्ही हात पसरून होतील तेवढ्या दोऱ्या. आधी ती एकटी, मग मी एक टोक धरलं. तिने मला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मग अण्णाची बायको, मग पुण्याची मुलगी. मेस्त्रीने तिची दोरी बघून ती बोटीऐवजी बैलाला बांधायला सांगितली. गावातल्या त्या बायका आपण होऊन आल्या. दुपारपर्यंत अंगणभर दोऱ्या पसरल्या होत्या आणि आम्ही सगळ्या राखेने पांढऱ्या झालो होतो. उन्हात एवढ्या बायकांच्या बोटांचा एक बारीक आवाज येतो, पानं खाणाऱ्या अळ्यांचा येतो तसा. त्या आवाजात मला बाबांचं दुकान आठवलं, खाली बसून काजं करणाऱ्या आम्ही दोघी, आणि तिचं अखंड चाललेलं, अक्का, पण जमीन दिसतच नसेल तर बोटवाल्याला घर कसं कळतं?

फट वाळवायचं काम पुण्याच्या मुलीमुळे झालं. तिच्याकडे केस वाळवायचं यंत्र होतं. घरातून वायर ओढून तिचा नवरा वाळूत बसला आणि देवावर चवरी ढाळतात तसा फटीवर गरम वारा घालत राहिला. मेस्त्रीने आधी त्या यंत्राकडे संशयाने पाहिलं, मग बोट लावून फट बघितली, मग तिथेच सावलीत आडवा होऊन झोपला. मी मनात म्हटलं, याला आता पटलं.

शनिवारी सकाळी त्याने दोऱ्या भरल्या. लोखंड ठेवायचं, हातोडा, टक, टक, दोरी आत. वरून राळ आणि माशाचं तेल कालवून लिंपलं. त्या वासाने माझी साडी अजून ओळखता येते.

भरतीला तासभर होता तेव्हा अण्णाने ठरवलेलं सांगितलं. बोट उतरवतो, पण नव्या कापसावर माणसं घेणार नाही. तो एकटा जवळच फेरी मारून बघेल, आम्ही बसने बेंगळुरूला जावं. तो चुकीचं बोलत नव्हता. बहिणीने हात पदराला पुसले आणि पिशवीची घडी घातली.

मेस्त्री हातातलं तेल पुसत होता. त्याने अण्णाला विचारलं की पहिल्या फेरीला फटीपाशी कोण बसतं. अण्णा म्हणाला, तू, आणि कोण? तिकडची रीतच आहे. ज्याने कापूस भरला तो पहिल्या फेरीला बोटीच्या पोटात बसतो, म्हणजे हात राखून काम करत नाही.

“आणि कापूस ज्याने वळला तो?”

अण्णाच्या बापाच्या वेळी मेस्त्रीची बायको कापूस वळायची आणि तीही बसायची, हे गावाला माहीत होतं. गावातल्या बायका बघत उभ्या होत्या.

“अम्मा बसेल,” मेस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही पण. पाणी आत येतंय का बघायला पाणी टाकणारी हवीच.”

सगळे हसले. अण्णासुद्धा हसला. माझी बहीणही हसली, आदल्या सकाळपासून पहिल्यांदा.

पाणी आलं ते चोरपावलांनी. आधी ओंडक्यांखाली, मग माझ्या रांगोळीवरून. ठिपके जरा वेळ पाण्याखालून दिसले आणि गेले. गड्यांनी खांदे लावले, आणि गाढ झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशी बोट हलली आणि हलकी झाली. पुण्याची दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती. मुलीने दोऱ्या वळल्या होत्या, पण मेस्त्रीने तिच्या दोऱ्या घेतल्याच नव्हत्या.

खाडी सुटली. मेस्त्री खाली पोटात बसला होता, आम्हा दोघींना त्याने वरच बसवलं होतं, मधून मधून त्याचा आवाज यायचा, कोरडं आहे. अण्णाने नाक सरळ बाहेर धरलं. मागे गाव लहान झालं, माड झाडूच्या काड्यांएवढे झाले, मग त्यांची एक हिरवी रेघ झाली, मग डोंगर तेवढे उरले, धुरकट. बहीण पाठीमागे तोंड करून बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला लांबचं दिसत नाही. मला अजून बसची पाटी वाचता येते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पाणी आधी हिरवं होतं, मग निळं, मग त्याला रंगच राहिला नाही.

अण्णाने इंजिन मंद केलं. ओहोटीला खाडीत शिरता येत नाही, दिवस मावळायच्या आत मोठ्या बंदरात पोचायचं तर इथून वळावं लागेल, म्हणाला.

बहिणीने मला विचारलं, “दिसतेय का?”

मी बघितलं. मागे उजव्या बाजूला, नखावरच्या रेघेएवढा एक डोंगर होता. ती पाहू शकत नव्हती, आणि मी नाही म्हटलं असतं तर कुणी मला खोटं ठरवलं नसतं. पण तिने साठ वर्षं माझ्याशी खरं भांडण केलं होतं.

“दिसतेय,” मी म्हटलं. “एक डोंगर. नखाएवढा.”

मी उठले. बोट हलत होती, धरत धरत अण्णापर्यंत गेले. मी कुणाला विनवण्या केलेल्या नाहीत, शिकलेच नाही. मी त्याला म्हटलं, अण्णा, तो डोंगर जाईपर्यंत चल, पाणी टाकल्याबद्दल मला जे बोलायचं ते परतीला बोल. त्याने खाली मेस्त्रीला हाक मारली. कोरडं आहे, असं उत्तर आलं. त्याने इंजिन वाढवलं.

मी परत येऊन तिच्याजवळ बसले आणि डोंगरावरची नजर काढली नाही. तो बारीक झाला. मग तो आहे की मला आहे असं वाटतंय ते कळेना. पापणी मिटली, उघडली, तेव्हा तिथेही समोरच्यासारखं नुसतं पाणी होतं. मी सगळीकडे वळून बघितलं, हळूहळू, गिऱ्हाईक कापड बघतं तसं, दोन्ही बाजूंनी.

“आता?” तिने विचारलं.

“नाही दिसत.”

“कुठेच?”

“कुठेच नाही.”

“मग हरलीस तू, अक्का.”

“हरले.”

अण्णाने इंजिन बंद केलं. त्याबरोबर एवढी शांतता झाली की खाली मेस्त्री पाय सरळ करतो आहे तेही ऐकू आलं. बोट नुसती वर होत होती, खाली होत होती. बहिणीचा श्वास मला ऐकू येत नव्हता म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती बसल्या बसल्या बोटांनी वात वळत होती, हातात कापूस नसताना.

अण्णाने परत निघायचं का म्हणून विचारलं.

“स्वल्प थांबा,” ती म्हणाली.

अण्णाने घड्याळाकडे पाहिलं आणि सुकाणूवरचा हात काढून घेतला.